कोल्हापुरात पाणी १०० अंशांवर उकळत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नववी-दहावीची प्रॅक्टिकलची जर्नल्स उघडून पाहावीत. पाण्याच्या उत्कलनांकापुढे बहुतेक सगळीकडे १०० अंश सेल्सिअस लिहिलेले सापडेल. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सहा टक्क्यांच्या आसपास कमी, त्यामुळे पाणी ९८ च्या थोडे वर उकळते. पन्हाळ्यावर आणखी खाली. रत्नागिरीच्या मुलाने १०० लिहिले तर ते बरोबर आहे. आपल्या मुलांनी तो आकडा पुस्तकातून उचललेला असतो, थर्मामीटर फक्त साक्षीला पाण्यात उभा असतो.

दीड-दोन अंशांचा फरक क्षुल्लक वाटेल. पण समोरचे न बघता लिहायची सवय लागलेला हात बाटलीवरची चिठ्ठीही न बघताच बाटली उचलतो. प्रयोगशाळेतली सुरक्षितता आणि खरे रीडिंग या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या शिकवतो. एकीचा तक्ता भिंतीवर असतो, दुसरीची टीप जर्नलच्या शेवटी. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की या दोन गोष्टी मुळात एकच आहेत आणि वर्षाच्या पहिल्या महिन्यात त्या एकत्र शिकवता येतात.

उत्कलनांकाचाच प्रयोग घ्या. आधी थर्मामीटर तपासायचा. कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून त्यात बल्ब पाच मिनिटे बुडवून ठेवला की शून्य दाखवायला हवे. एक दाखवत असेल तर तशी नोंद करून पुढच्या रीडिंगमधून तो एक अंश वजा करायचा. मग बीकरमध्ये पाणी घेऊन चिनी मातीचे दोन-तीन तुकडे टाकायचे. ते नसले तर पाणी शांत दिसत राहते आणि अचानक उसळी मारून बाहेर येते. थर्मामीटर स्टँडला अडकवायचा. बल्ब तळाला टेकला तर तो पाण्याऐवजी तापलेल्या काचेचे तापमान सांगतो. उकळी फुटल्यावर दर ३० सेकंदांनी रीडिंग घ्यायचे आणि सलग चार रीडिंग सारखी आली की थांबायचे. डोळा पाऱ्याच्या टोकाच्या पातळीत हवा. वरून पाहिले तर आकडा जास्त वाटतो, खालून पाहिले तर कमी. एवढे करून ९८ आले तर ९८ लिहायचे, आणि शिक्षकांनी त्यावर लाल शेरा मारायचा नाही.

थर्मामीटरने पाणी ढवळणे ही आणखी एक रूढ चूक. बल्बची काच कागदासारखी पातळ असते. शाळेत अजून पाऱ्याचे थर्मामीटर असतील तर ते फुटल्यावर काय करायचे हे आधी ठरलेले असावे. खिडक्या उघडायच्या, मुलांना बाहेर काढायचे, झाडू लावायचा नाही. झाडूने पाऱ्याच्या एका थेंबाचे शंभर थेंब होतात आणि फरशीच्या फटींतून त्यांची वाफ महिनोन्महिने येत राहते. जाड कागदाच्या दोन पट्ट्यांनी थेंब एकत्र आणायचे, ड्रॉपरने उचलून झाकणाच्या बाटलीत ठेवायचे आणि फटींत गंधकाची पूड टाकायची. पारा बेसिनमध्ये ओतायचा नाही. खरे तर लाल अल्कोहोलचे थर्मामीटर आणणे हाच सोपा मार्ग आहे.

साध्या लंबकाकडे वळू. या प्रयोगाच्या चुका स्वतःची सही करून जातात, म्हणून तो आम्हाला विशेष प्रिय आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाला एका आंदोलनाला दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. स्टॉपवॉच दाबताना हाताला सुमारे ०.२ सेकंदाचा उशीर होतो. एकच आंदोलन मोजले तर ही दहा टक्के चूक झाली, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे 'जी' च्या, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या, किमतीत ती वीस टक्के होते. वीस आंदोलने मोजली की तीच चूक चाळीस सेकंदांत वाटली जाते. वीस आंदोलने मोजायला सांगण्याचे कारण हे, पण मुलांना फक्त वीस हा आकडा पाठ असतो. गोळा सोडताना 'एक' म्हणून मोजायला सुरुवात केली तर प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलने होतात आणि उत्तर १०.८ च्या आसपास येते. म्हणून एखाद्या जर्नलमध्ये १०.८ दिसले तर मुलाने प्रयोग खरोखर केला आणि मोजणी 'शून्य' पासून केली नाही, एवढे दुरून सांगता येते. दोरी फक्त हुकापर्यंत मोजली, गोळ्याची त्रिज्या धरली नाही, तर उत्तर सुमारे एक टक्क्याने खाली येते. हे सगळे शिकवण्याची संधी त्या १०.८ मध्ये होती. घडते असे, की बॅचमधला कोणीतरी 'अरे, ९.८ यायला पाहिजे' म्हणतो, खोडरबर निघतो आणि रीडिंग बसवले जाते.

टायट्रेशनचेही, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता मोजण्याचेही, तसेच. तिन्ही रीडिंग १०.० मिली असतील तर शंका घ्यावी. ९.८, ९.७, ९.८ असतील तर विश्वास ठेवावा. ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली खुणांची उभी नळी, भरण्याआधी त्याच द्रावणाने विसळायचा, तोटीतला हवेचा बुडबुडा काढायचा, वरची चाडी काढून ठेवायची. चाडीतून मागाहून टपकलेला एक थेंब शेवटच्या रीडिंगची वाट लावतो. रंगहीन द्रावणाच्या पृष्ठभागाची खालची वक्ररेषा वाचायची, पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणाची वरची. पिपेट (ठरावीक मापाचा द्रव उचलायची नळी) तोंडाने ओढायची पद्धत मात्र आता पूर्ण बंद व्हायला हवी. द्रावणाची पातळी टोकाखाली गेली की पिपेट हवा ओढते आणि उरलेले सगळे एका झटक्यात तोंडात येते. रबरी फुगा स्वस्त मिळतो.

आता आम्लाकडे. 'आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही' हे वाक्य प्रत्येकाला पाठ असते. का, असे विचारले की व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, शांतता पसरते. संहत, म्हणजे तीव्र, गंधकाम्लाची घनता पाण्याच्या १.८४ पट आहे. त्यावर पाणी ओतले तर ते हलके असल्याने वरच राहते, मिसळण्याच्या जागी प्रचंड उष्णता निर्माण होते, वरचा पाण्याचा पातळ थर क्षणात उकळतो आणि जाताना आम्ल घेऊन उडतो. उलट, पाण्यात आम्ल सोडले तर ते जड असल्याने खाली जाते आणि उष्णता भरपूर पाण्यात वाटली जाते. १०० मिली एक मोलर तीव्रतेच्या द्रावणाला साधारण साडेपाच मिली संहत आम्ल पुरते. बीकरमध्ये ८० मिली पाणी घ्यायचे, बीकर थंड पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवायचा, काचकांडीवरून बारीक धारेने आम्ल सोडत ढवळायचे, गार होऊ द्यायचे आणि मगच १०० च्या खुणेपर्यंत पाणी घालायचे. गरम असतानाच खूण गाठली तर गार झाल्यावर पातळी खाली जाते, म्हणजे द्रावण ठरवल्यापेक्षा तीव्र होते. हे काम मोजपात्रात किंवा जाड काचेच्या बाटलीत करू नये. जाड काच आतून तापते, बाहेरून थंड राहते आणि तडकते. नवशिक्या मुलांच्या टेबलावर संहत आम्लाची बाटली असण्याचे तर कारणच नाही. विरल द्रावण प्रयोगशाळा सहायकांनी आधी करून ठेवावे. त्यासाठी शाळेत सहायकाचे पद भरलेले असावे लागते, हे ओघाने आलेच.

बाटलीतून ओतताना चिठ्ठी तळहाताकडे ठेवायची. नाहीतर ओघळ चिठ्ठीवरून जातो आणि दोन महिन्यांत अक्षरे खाऊन टाकतो. बूच टेबलावर न ठेवता बोटांत धरायचे. उरलेले रसायन बाटलीत परत टाकायचे नाही. शीतपेयाच्या जुन्या बाटलीत आम्ल किंवा स्पिरिट भरून ठेवणाऱ्याला मात्र कोणतीही सबब मिळू नये.

स्पिरिटचा दिवा साधा दिसतो म्हणून फसवतो. तो दोन तृतीयांशांपर्यंतच भरायचा, आणि तळाला गेलेला दिवाही पेटवायचा नाही, कारण रिकाम्या जागेत स्पिरिटची वाफ आणि हवा यांचे पेट घेणारे मिश्रण साचते. खिडकीतून ऊन येत असेल तर त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. 'विझला आहे' असे समजून वरून स्पिरिट ओतले की ज्योत धारेवरून थेट हातातल्या बाटलीत शिरते. म्हणून आधी टोपण घालायचे, दिवा गार होऊ द्यायचा, मगच भरायचा. एका दिव्याने दुसरा पेटवायचा नाही आणि फुंकून विझवायचा नाही.

परीक्षानळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भरली तर तापवताना ती उसळणारच. चिमटा तोंडापासून थोडा खाली लावून नळी तिरपी धरायची, द्रवाच्या वरच्या भागापासून तापवायला सुरुवात करून ज्योत खाली न्यायची आणि नळी सतत हलवत ठेवायची. फक्त तळ तापवला की तळाशी वाफ होते आणि वरचा सगळा द्रव बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर जातो. तोंड कोणाकडे आहे हे तेव्हा महत्त्वाचे ठरते. समोरचा, शेजारचा आणि स्वतः असे तिघेही त्या रेषेत नकोत. वायू पाण्याखाली गोळा करताना दिवा आधी काढला तर नळी गार होते, आतला दाब कमी होतो, पाणी मागे ओढले जाते आणि तापलेली काच फुटते. आधी वाहकनळी पाण्याबाहेर, मग दिवा बाजूला. गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच असते, म्हणून उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्यावा.

सगळ्यांत जास्त भीती आम्लाची वाटते, पण नवशिक्यांच्या हातून रक्त काढते ती काचनळी. कोरड्या बुचात नळी रेटताना ती मोडते आणि तुटलेले टोक तळहातात शिरते. नळीची टोके आधी ज्योतीवर धरून गोल केलेली असावीत. नळीला ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावायचे, हाताला जाड फडके गुंडाळायचे, बुचापासून दोन-तीन सेंटिमीटरवरच धरायचे आणि ढकलण्याऐवजी फिरवत आत न्यायचे. ही गोष्ट एकदा बुचात नळी बसवून दाखवली की मुले वर्षभर विसरत नाहीत.

हायड्रोजन तयार करताना पहिली काही मिनिटे नळीतून निघणाऱ्या वायूत हवा मिसळलेली असते. हवेत ४ ते ७५ टक्के इतक्या मोठ्या पट्ट्यात हायड्रोजन स्फोट घडवू शकतो. म्हणून छोट्या परीक्षानळीत वायू घेऊन ती उपकरणापासून लांब नेऊन पेटवायची. कर्कश आवाज आला तर अजून हवा आहे, हलका 'पॉप' आला की वायू शुद्ध. जळती काडी फ्लास्कजवळ कधीच न्यायची नाही. वास घ्यायचा तर नळीच्या तोंडावर नाक न नेता हाताने वारा घालून. हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करणारे किपचे उपकरण जिथे अजून वापरतात तिथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर नाक काम करते आहे. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास हाच वायू नाक बधिर करतो, म्हणजे वास थांबला हे धोक्याचे लक्षण. नायट्रिक आम्लाच्या तपकिरी धुराचा त्रास तर काही तासांनी सुरू होतो. 'आता बरे वाटते' म्हणणाऱ्या मुलाला तसेच घरी पाठवू नये.

पोशाखाबद्दल थोडक्यात. केस बांधलेले, ओढणी ॲप्रनच्या आत, चष्मा असला तरी त्यावर गॉगल. कोल्हापुरी चप्पल कितीही देखणी असो, प्रयोगशाळेत बंद बूटच हवेत. सांडलेला थेंब आधी पायावरच पडतो. मोबाइल बाहेर, कारण रसायनाचे बोट मोबाइलला लागते आणि मोबाइल गालाला. डबा खाणे नाही हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

इजा झालीच तर पहिले औषध पाणी. आम्ल असो की अल्कली, वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे, भिजलेला कपडा काढून. आम्लावर लगेच सोडा चोळायला जाऊ नये, त्यात वेळ जातो आणि उदासिनीकरणाची उष्णता वेगळीच. मुले आम्लाला घाबरतात पण सोडियम हायड्रॉक्साइडला नाही, आणि डोळ्याच्या बाबतीत अल्कलीच जास्त वाईट, कारण ती आत आत मुरत जाते. बोटांना ती साबणासारखी बुळबुळीत लागते, त्याचे कारण कातडीतल्या स्निग्धाचा खरोखरच साबण होत असतो. भाजले तर वीस मिनिटे साधे गार पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. आता हिशेब करू. नळाची मिनिटाला दीड लिटरची बारीक धार धरली तरी पंधरा मिनिटांना साडेबावीस लिटर पाणी लागते. बादलीतले मग टाकून हे होत नाही. ज्या दिवशी नळाला पाणी नाही आणि टाकी रिकामी आहे, त्या दिवशी आम्लाचे प्रॅक्टिकल लावूच नये. लंबक लावावा.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शनांतून नारिंगी पावडरचा ज्वालामुखी पेटवतात, त्याबद्दलही लिहायला हवे. ती पावडर अमोनियम डायक्रोमेट. त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि न जळालेले कण हिरव्या राखेबरोबर वर्गभर उडतात. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचा ज्वालामुखी कमी नाट्यमय असेल, पण पहिल्या रांगेतल्या चौथीच्या मुलांच्या छातीत काही जात नाही.

आमची सूचना अशी. नववीच्या आणि अकरावीच्या पहिल्या चार प्रॅक्टिकल तासांना रसायनाची बाटली उघडूच नये. पाणी, ज्योत, काच आणि मोजमाप एवढेच असावे. पाण्याने ब्युरेट भरून वाचणे, नुसत्या पाण्याची परीक्षानळी न उसळू देता तापवणे, व्हर्नियर मोजपट्टीची शून्य त्रुटी शोधणे, आणि पाण्याचा नळ, बाहेरचा रस्ता, वाळूची बादली, अग्निशामक कुठे आहे ते पायी जाऊन पाहणे. त्यानंतर एक छोटा शोध मुलांनी स्वतः आखावा. त्यासाठी बाहेरून काही मागवायला नको. १० ग्रॅम गूळ १०० मिली पाण्यात विरघळायला किती वेळ लागतो, आणि पाणी ३०, ४५, ६० अंश असेल तर तो कसा बदलतो? ऐकायला बाळबोध. करायला बसले की प्रश्न सुरू होतात. खडे एकाच ढेपेतले आणि एकसारखे हवेत. ढवळायचे तर सगळीकडे सारखे. ६० अंशांचे पाणी प्रयोग संपेपर्यंत ६० राहत नाही, मग तापमान सुरुवातीचे लिहायचे की सरासरी? 'विरघळला' म्हणजे काय, हे घड्याळ लावण्याआधी ठरवायचे, कारण द्रावण गढूळ असते आणि तळाशी काडीकचरा उरतोच. प्रत्येक तापमानाला तीन वेळा करून तीनही आकडे लिहायचे, न जुळणारा सुद्धा. आणि उरलेला गूळ खायचा नाही. तो प्रयोगशाळेच्या तराजूवर बसून आलेला असतो.

दुसरा शोध चपलेतून निघतो. कोल्हापुरीचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, दोन्हींत कातडे टिकवणारे टॅनिन असते. पाच ग्रॅम हिरड्याची पूड १०० मिली कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून गाळायची आणि त्यात हिराकसाच्या (फेरस सल्फेटच्या) एक टक्का द्रावणाचे पाच थेंब टाकायचे. निळसर काळी शाई तयार होते. मग अर्क निम्मा, पाव, अष्टमांश असा पातळ करत नेऊन रंग ओळीत लावायचे आणि चहा, बाभूळ, डाळिंबाची साल यांची त्या ओळीशी तुलना करायची. थेंब मोजून टाकले नाहीत तर तुलना फुकट जाते, हे मुलांना स्वतःच कळते. कपड्यांना डाग पडतात, ॲप्रन घालण्याचे कारण पहिल्यांदाच पटते.

शेवटी परीक्षकांना विनंती. बारावीला भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात प्रॅक्टिकलला प्रत्येकी ३० गुण आहेत. जर्नल सुबक आहे का हे पाहण्यात वेळ घालवण्यापेक्षा एखादे न जुळणारे रीडिंग शोधून 'हे असे का आले?' एवढे विचारावे, आणि ज्याला कारण सांगता येते त्याचे गुण कापू नयेत. नववीच्या मुलाला तर याहून सोपा प्रश्न पुरेल: तुझा थर्मामीटर बर्फात किती दाखवत होता?

आपले,
विज्ञान प्रयोगशाळांत काम करणारे काही शिक्षक व सहायक,
कोल्हापूर